आऊट होण्याचा रकाना

२० ऑगस्ट २००३ रोजी टोकियो डोममध्ये मासाहिरो कावाई नावाच्या अडतीस वर्षांच्या बेसबॉल खेळाडूने जागतिक विक्रम केला. विक्रम कसला, तर स्वतःची बॅटिंग सोडून दुसऱ्याला पुढे पाठवण्याचा. असं त्याने त्या दिवशी ५१२ व्यांदा केलं. २००६ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा आकडा ५३३ वर पोचला होता. तो आजही कुणी मोडलेला नाही.

हा आकडा मला फार आवडतो. मी डहाणूला राहते. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या शाळांचे सॉफ्टबॉल-बेसबॉलचे सामने असले की मी स्कोअर लिहायला जाते. हातात पॅड, पेन्सिल, खोडरबर आणि डोक्यावर टोपी. स्कोअर लिहिणाऱ्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते. मैदानावर जे घडतं ते सगळं कागदावर येत नाही. ज्याला रकाना आहे तेवढंच येतं. कावाईचे ५३३ आपल्याला आज माहीत आहेत, कारण त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी कुणीतरी कागदावर एक उभी रेघ ओढून तो रकाना आखून ठेवला होता.

हा लेख त्या रकान्याबद्दल आहे. आणि आमच्या भागात असा रकाना कधी कुणी आखला का, याबद्दलही.

बंट म्हणजे काय

बेसबॉल पाहिला नसेल तरी हरकत नाही. मैदानावर चौकोनाच्या कोपऱ्यांसारखे चार बेस असतात. फलंदाजाने चेंडू मारायचा आणि पहिल्या बेसकडे पळायचं. तिथून दुसरा, तिसरा, आणि परत घरी आलं की एक धाव. तीन जण आऊट झाले की तुमची पाळी संपली.

आता समजा, तुमची मैत्रीण पहिल्या बेसवर उभी आहे आणि बॅटिंगला तुम्ही आलात. जोरात मारलं तर चौकारासारखं काही होऊ शकतं. पण चेंडू सरळ कुणाच्या हातात गेला तर तुम्ही आणि ती, दोघी आऊट होऊ शकता. अशा वेळी एक उपाय असतो. बॅट फिरवायचीच नाही. दोन्ही हातांनी आडवी धरायची आणि येणाऱ्या चेंडूला नुसती टेकवायची. चेंडू घरंगळत दहा-पंधरा पावलांवर जातो. क्षेत्ररक्षक धावत येऊन तो उचलतो आणि पहिल्या बेसकडे फेकतो. तुम्ही आऊट. पण तेवढ्या वेळात तुमची मैत्रीण दुसऱ्या बेसवर पोचलेली असते. आता मागच्या फलंदाजाने एक बरा फटका मारला की ती घरी येईल.

याला म्हणतात सॅक्रिफाइस बंट. धाव तिच्या नावावर लागेल. तो फटका मारणाऱ्याच्या नावावर फटका लागेल. तुमच्या नावावर काय?

उभी रेघ

अमेरिकेत १८८९ मध्ये स्कोअरच्या कागदावर सॅक्रिफाइसची वेगळी नोंद सुरू झाली. पण तेव्हा ती नोंद अर्धवट होती. शाबासकी मिळायची, पण फलंदाजाची पाळी वाया गेली असंही धरलं जायचं आणि त्याची सरासरी घसरायची. म्हणजे एका हाताने टाळी आणि दुसऱ्या हाताने दंड. १८९४ मध्ये ते बदललं. सॅक्रिफाइस असेल तर ती पाळी सरासरीत मोजायचीच नाही असं ठरलं.

वाचताना ही बारीकशी तांत्रिक दुरुस्ती वाटते. पण तिचा अर्थ मोठा आहे. संघासाठी आऊट झालात तर तुमच्या नावावर डाग राहणार नाही, असं त्या कागदाने खेळाडूला लेखी कबूल केलं.

आजच्या नियमात तीन अटी आहेत. पहिली, बंट करताना दोनपेक्षा कमी खेळाडू बाद झालेले हवेत. दोन आऊट असताना तिसरं आऊट होऊन काय उपयोग, पाळीच संपते. दुसरी, बेसवरचा रनर खरोखर पुढे सरकायला हवा. तुम्ही बंट केलात पण रनरच पुढच्या बेसवर बाद झाला, तर सॅक्रिफाइस मिळत नाही. तिसरी अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती हेतूची आहे. फलंदाज स्वतःच पहिल्या बेसवर पोचण्यासाठी बंट करत होता असं स्कोअररचं मत झालं, तर तो सॅक्रिफाइस धरायचा नाही. आता हेतू कसा ओळखायचा? डोक्यात कोण शिरणार? तर नियम सांगतो की शंका असेल तिथे संशयाचा फायदा फलंदाजाला द्या.

म्हणजे एका चौकटीत एक अक्षर लिहिण्याआधी स्कोअररने तीन प्रश्न विचारायचे. त्याने स्वतःचं काही सोडलं का? ते मनापासून सोडलं का? आणि त्यामुळे दुसरा कुणी खरंच पुढे गेला का?

हे तीन प्रश्न लक्षात ठेवा. पुढे लागतील.

कॉलिन्स आणि चॅपमन

कावाईने ज्याला मागे टाकलं तो एडी कॉलिन्स. १९०६ ते १९३० अशी पंचवीस मोसमांची कारकीर्द, फिलाडेल्फिया अॅथलेटिक्स आणि शिकागो व्हाइट सॉक्सकडून. त्याच्या नावावर ३,३१५ हिट्स आहेत. म्हणजे हा काही बॅटिंग येत नाही म्हणून बंट करणारा माणूस नव्हता. मारता येत असूनही पाचशेहून जास्त वेळा त्याने स्वतःची पाळी दिली.

त्याच्या आकड्यात एक गुंता आहे. त्या काळातल्या बऱ्याच वर्षांत उंच झेल देऊन रनरला पुढे आणणं, म्हणजे सॅक्रिफाइस फ्लाय, हेही त्याच रकान्यात टाकत असत. दोन्ही कायमचे वेगळे झाले ते १९५४ मध्ये. त्यामुळे कॉलिन्सचा आकडा आणि कावाईचा आकडा तंतोतंत एकाच मापाने मोजलेले नाहीत. रकाना बदलला की इतिहासही थोडा बदलतो, तो असा.

कॉलिन्सबद्दल आणखी एक गोष्ट. १९१९ मध्ये तो शिकागोच्या त्याच संघात होता ज्यातल्या आठ जणांवर पैसे घेऊन वर्ल्ड सीरीज हरल्याचा ठपका आला. कोर्टात ते सुटले, पण बेसबॉलमधून त्यांना कायमचं काढलं गेलं. कॉलिन्स त्या आठांत नव्हता. एकाच ड्रेसिंग रूममध्ये एक माणूस संघासाठी आऊट होत होता आणि काही जण पैशासाठी संघालाच आऊट करत होते. लांबून दोन्ही सारखंच दिसतं. फलंदाज आला, काही न करता परत गेला. फरक हेतूचा.

दुसरं नाव रे चॅपमन, क्लीव्हलंडचा. १९१७ च्या एका मोसमात त्याने ६७ सॅक्रिफाइस नोंदवले. अमेरिकेतला तो विक्रम अजून टिकून आहे. ऑगस्ट १९२० मध्ये न्यूयॉर्कला खेळताना पिचरचा चेंडू त्याच्या डोक्याला लागला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये सामन्यातल्या चेंडूने जीव गेलेला तो एकटाच खेळाडू. तेव्हा हेल्मेट नव्हती. त्याचं मरण कुठल्याही सॅक्रिफाइसच्या रकान्यात लिहिलेलं नाही, आणि ते बरोबरच आहे. त्याने जीव दिला नव्हता, त्याचा जीव गेला होता. हा फरकही लक्षात असू द्या.

बळी देणे, बळी घेणे

आता मराठीकडे येऊ. सॅक्रिफाइसला मराठीत काय म्हणाल? त्याग, बलिदान, बळी. यातला ‘बळी’ हा शब्द क्रीडा पानावर रोज असतो. ‘बुमराने पाच बळी घेतले’, ‘मुंबईचे सहा बळी शंभर धावांत’. गंमत बघा, आपल्या क्रिकेटच्या मराठीत बळी नेहमी घेतला जातो. दिला कधीच जात नाही. फलंदाज बाद झाला की ते गोलंदाजाच्या खात्यात जमा. फलंदाजाने जाणूनबुजून विकेट दिली असेल तर त्याच्यासाठी शब्दही नाही आणि रकानाही नाही.

आणि असं घडत नाही असं नाही. दोघांच्यात धाव घेताना गोंधळ होतो, एकाला परतावं लागणार असतं. नवखा फलंदाज जमलेल्या फलंदाजाला ओलांडून स्वतः चुकीच्या टोकाला पळत सुटतो. धावफलकावर काय येतं? ‘धावबाद ४’. बस. दिवस संपताना नाइट वॉचमन येतो, मोठ्या फलंदाजाला झाकतो, आणि दुसऱ्या सकाळी ‘झेलबाद ०’ होऊन जातो. सरासरी त्याची पडते. क्रिकेट आजही १८९४ च्या आधी उभं आहे म्हणा ना.

गोलंदाजाच्या बाबतीत मात्र क्रिकेटने एक रकाना ठेवलाय, निर्धाव षटकांचा. म्हणून आपल्याला नाशिकचे बापू नाडकर्णी आठवतात. जानेवारी १९६४, मद्रास कसोटी, इंग्लंडविरुद्ध. ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, ० बळी. सलग २१ षटकं निर्धाव, १३१ चेंडूंवर धाव नाही. विकेट एकही नाही, तरी साठ वर्षांनंतर लोक हे आकडे सांगतात. का? कारण पृथक्करणात त्यासाठी एक घर आधीपासून होतं. दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजासाठी फलंदाजाला जखडून ठेवणं म्हणजे काय, ते त्या घरातल्या २७ वरून दिसतं.

एकनाथ सोलकरांचंही तसंच. २७ कसोटींत ५३ झेल. हेल्मेट नसताना फलंदाजाच्या पुढ्यात, शॉर्ट लेगला. विकेट बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन यांच्या नावावर, पण ‘झे. सोलकर’ एवढी दोन अक्षरं तरी धावफलकात आली. ती छापायची पद्धत नसती, तर सोलकर आज फक्त त्यांना पाहिलेल्यांच्या आठवणीत असते.

निवड चाचणी

हे सगळं पुस्तकी वाटू नये म्हणून आमच्याकडची एक गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी सॉफ्टबॉलची एक निवड चाचणी होती. तलासरीकडच्या एका आश्रमशाळेतली दहावीतली मुलगी आली होती. हात दगडासारखे पक्के, पळायला हरीण. तिच्या सरांनी तिला दुसऱ्या क्रमांकावर खेळवलं. पहिली मुलगी बेसवर पोचली की सर कानाला हात लावायचे. हा बंटचा इशारा. तिने तीन वेळा बंट केला. तिन्ही वेळा रनर पुढे सरकली, त्यातल्या दोघी घरी आल्या. सामना तिच्या संघाने जिंकला.

संध्याकाळी निवड करणाऱ्यांनी कागद मागितला. त्यांच्याकडच्या तक्त्यात तीनच रकाने होते. हिट, धाव, चुका. तिच्या नावापुढे शून्य, शून्य, शून्य. मी माझ्या पॅडवरच्या तीन सॅक्रिफाइसच्या खुणा दाखवल्या. ‘ते आमच्या फॉर्ममध्ये नाही,’ असं उत्तर आलं. उत्तर देणारा माणूस वाईट नव्हता. त्याला रात्रीपर्यंत यादी पाठवायची होती आणि फॉर्म जसा होता तसा होता.

आता यात गेलं काय, तर एक निवड. पण आमच्या भागात खेळाचं प्रमाणपत्र म्हणजे नुसता कागद नसतो. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण असतात. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठी कोणत्या स्तरावर खेळलात ते पाहतात. वरच्या स्तरावर जायची पहिली पायरी म्हणजे ती यादी. ती मुलगी सरांचं ऐकून तीनदा आऊट झाली, रनर पुढे गेल्या, संघ जिंकला, आणि ती मागे राहिली.

इशारा कोण करतो

इथे कावाईच्या आकड्याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख नुसताच त्यागाचा गौरव होईल.

बंट बहुतेक वेळा फलंदाज ठरवत नाही. डगआऊटमधून इशारा येतो. जपानमध्ये शाळेच्या बेसबॉलपासून मुलांना बंट घोटून घेतात. संघाच्या शिस्तीचा तो भाग समजला जातो. कावाईला तिकडे ‘बंटचा देव’ म्हणत. पण दुसऱ्या क्रमांकावर खेळणाऱ्याने आऊट व्हायचं आणि चौथ्या क्रमांकावरच्याने षटकार मारायचा, ही वाटणी वर बसलेल्या माणसाने केलेली असते.

आणि ती वाटणी फायद्याची असतेच असं नाही. अलीकडे लाखो पाळ्यांची आकडेमोड झाली. अमेरिकेतल्या गेल्या दशकातल्या आकड्यांनुसार, एकही आऊट नसताना रनर पहिल्या बेसवर असेल तर त्या पाळीत पुढे सरासरी साधारण ०.८६ धावा होतात. बंट यशस्वी झाला, म्हणजे एक आऊट आणि रनर दुसऱ्या बेसवर, तर हीच सरासरी साधारण ०.६६ वर येते. म्हणजे बंट नियमाप्रमाणे यशस्वी झाला तरी संघाच्या अपेक्षित धावा कमीच झाल्या. शेवटच्या पाळीत एकच धाव हवी असेल, फलंदाज फारच कच्चा असेल, तर गोष्ट वेगळी. एरवी नाही. २०२२ पासून अमेरिकेच्या दोन्ही लीगमध्ये पिचरने बॅटिंग करणं बंद झालं आणि तिथे बंट झपाट्याने कमी झाले.

म्हणजे सव्वाशे वर्षं प्रशिक्षक जो त्याग मागत होते, त्यातला बराचसा मागायची गरजच नव्हती. तो मागितला जायचा, कारण तो शिस्तीचा दिसायचा, आणि कारण आऊट होणारा प्रशिक्षक नसायचा.

तेव्हा त्या तीन प्रश्नांत मी एक चौथा घालते. इशारा कुणी केला?

गवताचा संप

हे चार प्रश्न घेऊन आता डहाणू-तलासरीच्या इतिहासाकडे चला. इथे त्यागाची गोष्ट म्हटली की एकच साल आठवतं, १९४५.

त्याआधीचं आयुष्य थोडक्यात असं. जमिनी सावकार-जमीनदारांच्या, आणि त्या कसणारे वारली. जमीनदाराने बोलावलं की आधी त्याच्या शेतावर फुकट राबायचं, मग स्वतःच्या. ही वेठ. लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घेतले की तो माणूस आणि त्याची बायको कर्ज फिटेपर्यंत त्याच्याकडे बांधलेले. कर्ज फिटायचं नाहीच. त्यांना लग्नगडी म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या माणसं स्वतःची पाळी दुसऱ्याला देत होती. पण तो त्याग नव्हता, कारण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं होतं. मनापासून कुणी काही दिलं नव्हतं. ते घेतलं जात होतं.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिला गेलेल्यांमध्ये झरीचे माह्या धांगडा होते. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यानंतर या भागात आले, आणि २३ मे १९४५ ला झरीला वारल्यांची मोठी परिषद भरली. पाच हजारांच्या आसपास माणसं आली. झरी आज तलासरी तालुक्यात आहे. तेव्हा ते उंबरगाव तालुक्यात होतं. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेलं आणि तलासरीकडचा भाग महाराष्ट्रात राहिला. झरीला ठरलं ते साधं होतं. वेठ करायची नाही. लग्नगडी राहायचं नाही. जमीनदाराच्या शेतावर काम केलं तर रोज बारा आणे मजुरी.

मग पाऊस संपला आणि गवताचा हंगाम आला. आमच्याकडे दसऱ्याच्या सुमाराला माळावर कमरेएवढं गवत उभं असतं. ते वेळेत कापावं लागतं. उशीर झाला की वाळतं, पडतं, भाव जातो. तेव्हा हे गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं आणि त्यात व्यापाऱ्यांचा पैसा होता. वारल्यांनी दर मागितला, ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये. दर मिळेपर्यंत विळा उचलायचा नाही असं ठरलं.

या क्षणाकडे स्कोअररच्या नजरेने बघा. पावसाळ्यानंतर घरातलं धान्य संपत आलेलं असतं, भात अजून हातात आलेलं नसतं. रोख पैसा मिळायचा तो गवताच्या मजुरीतूनच. नेमकी तीच पाळी माणसांनी सोडून दिली. काहीतरी सोडलं का? हो. मनापासून? हो. इशारा कुणी केला? ठराव झरीच्या माळावर, ज्यांना उपाशी राहायचं होतं त्यांच्यासमोर झाला होता. आणि कुणी पुढे सरकलं का? वेठ मोडली, लग्नगडी मोकळे झाले, मजुरी वाढली. पुढच्या वर्षी जंगलातल्या झाडतोडीच्या कामावरही संप झाला. चारही प्रश्नांची उत्तरं मिळतात. माझ्या मते आमच्या भागातला खरा त्याग हाच, हंगामाची मजुरी सोडून घरी बसलेल्या हजारो माणसांचा. त्यांची नावं मात्र कुठल्याच कागदावर एकेक करून लिहिलेली नाहीत.

जेठ्या गांगड

नाव लिहिलेलं आहे ते जेठ्या गांगड यांचं. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला मोठा जमाव जमला होता. गोदावरीबाईंची तिथे सभा आहे अशी खोटी बातमी पसरवून लोकांना बोलावलं गेलं होतं. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मेले. दरवर्षी १० ऑक्टोबरला तलासरीत हुतात्म्यांना अभिवादन होतं. लाल झेंडे, दूरच्या पाड्यांवरून आलेली माणसं, रस्त्याच्या कडेला लागलेले टेम्पो.

भाषणांत ‘बलिदान’ हा शब्द येतो. आदर म्हणून येतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण स्कोअर लिहिणारी म्हणून मला तिथे पेन्सिल थांबवावीशी वाटते. जेठ्या गांगड तलवाड्याला मरायला गेले नव्हते. ते सभेला गेले होते. त्यांनी जीव दिला असं लिहिलं की गोळी कुणी झाडली, खोटी बातमी कुणी पसरवली, हे प्रश्न वाक्यातून गळून पडतात. रे चॅपमनचं मरण सॅक्रिफाइसमध्ये लिहीत नाहीत, तसंच हे. क्रीडा पानावरचा आपला शब्द इथे जास्त खरा आहे. बळी घेतला गेला.

गोदावरी परुळेकरांनी या सगळ्यावर ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक लिहिलं. ते १९७० मध्ये आलं आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते वाचताना मला सगळ्यात जास्त भिडलं ते हे, की बाई माणसांची नावं घेतात. कोण कुठल्या पाड्यावरचा, कुणी काय केलं. तेव्हाच्या सरकारी कागदात जे ‘जमाव’ होते, ते इथे एकेक माणूस होतात. माझ्या भाषेत सांगायचं तर बाईंनी रकाना आखला.

आजचा इशारा

‘त्याग’ हा शब्द आमच्याकडे अजून निवृत्त झालेला नाही. मुंबई-दिल्ली द्रुतगती महामार्ग आणि बुलेट ट्रेन या दोन्हींचे मार्ग याच पट्ट्यातून जातात. डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवण बंदर होणार आहे. १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष असताना, इथल्या बंदराला नकार दिला होता. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला भूमिपूजन झालं. खर्चाचा आकडा ७६ हजार कोटींच्या पुढचा आहे.

बंदर हवं म्हणणारी माणसं इथेही आहेत. त्यांना नोकऱ्या दिसतात आणि तो खोटा मुद्दा नाही. मासेमारी, डायमेकिंग, चिकूच्या वाड्या यांच्यावर पोट असणाऱ्यांना भीती वाटते, तीही खोटी नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की कुणी व्यासपीठावरून ‘देशासाठी थोडा त्याग’ म्हणालं, की चार प्रश्नांचा कागद बाहेर काढावा. कोण काय सोडतंय, मोजून सांगा. ते त्याला विचारून का? इशारा कुठून आला? आणि बेसवर उभा असलेला तो रनर कोण, जो पुढे सरकणार आहे? तो आमच्यातला असेल तर उत्तम. नसेल तर त्याला दुसरा शब्द शोधा.

बेसबॉलने १८९४ मध्ये जे केलं ते करायला अवघड नाही. ज्याने पाळी दिली त्याच्या नावावर डाग राहू द्यायचा नाही, आणि त्याने पाळी दिली हे लिहून ठेवायचं. पुनर्वसनाच्या यादीत नाव नसलेल्या माणसाला विचारा, ही एवढीशी गोष्ट केवढी मोठी असते.

मी माझ्यापुरती एक सुरुवात केली आहे. शाळांच्या सामन्यांत स्कोअर लिहिताना सॅक्रिफाइसची खूण मी नियमाप्रमाणे करतेच, आणि आता निवडीच्या कागदाला तेवढ्या रकान्यांचं एक जोडपत्र लावते. फॉर्ममध्ये नसलं तरी. शिवाय डगआऊटमधून इशारा आलेला नसताना एखाद्या मुलीने स्वतःहून बंट केला, तर त्या खुणेशेजारी मी एक बारीक टिंब देते. नियमात त्या टिंबाला काही अर्थ नाही. सामना संपला की मुली पॅडभोवती गोळा होतात, आपापली ओळ शोधतात. हिट आणि धावा आधी मोजतात. मग कुणीतरी विचारतं, ‘बाई, माझं टिंब आहे का?’